जांभ्याच्या उतारावर धायटी लावलीय काय कुणी? (बेळगाव-खानापूर पट्टा)

उतारावरचा_बेळगुंदीकर

नमस्कार मंडळी. बेळगुंदीकडं घर बांधून झालंय. मागच्या परड्यात उतार सुटलाय, तीस फूट लांब आणि बाराएक फूट रुंद. सगळा जांभा. वर वीतभर लाल माती आहे, तीही दर पावसाळ्यात निम्मी गटारीत जाते. ठेकेदारानं जाता जाता वेडेलिया, म्हणजे जमिनीवर पसरणारा वेल, लावून दिला. पावसात हिरवागार असतो, पिवळी फुलंही येतात, पण मार्च उजाडला की करपतो. रोज पाइप धरला तरच टिकतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडं पाण्याचं काय असतंय ते तुम्हाला सांगायला नको.

मला कमरेएवढं वाढणारं, आडवं पसरणारं, फुलं येणारं आणि इथल्याच मातीतलं झुडूप पाहिजे. जांबोटीकडं जाताना फेब्रुवारीत रस्त्याच्या कडेला लाल फुलांनी लदलेली झुडपं दिसतात. शेजारचे काका म्हणाले ती धायटी. ती घराच्या बागेत जगते काय? रोपं कुठं मिळतात? आईचं म्हणणं, रानातलं रानात बरं, घराला लागून लावलंस तर साप येतील.

अक्का_शहापूर

बोगनवेल लाव की सरळ. पाणी लागत नाही, वर्षभर रंग. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या कंपाउंडवर तीच आहे.

उतारावरचा_बेळगुंदीकर

अक्का, म्हणूनच नको. सगळ्यांकडं तीच आहे. शिवाय ती ब्राझीलची, एवढे मोठे काटे, आणि घरात लहान पोरं.

गडगा

धायटी जगते. तुमच्या उतारावर तर तीच लावा असं मी म्हणेन, पण बागेतलं झाड समजून लावू नका. तिला लाडावलंत की ती बिघडते.

आधी ती राहते कुठं ते बघा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला बाजूला रस्ता कापून उघडा पडलेला जांभा असतो ना, माती धुऊन गेलेला? तिथं सगळ्यात आधी ज्या झुडपांचा जम बसतो त्यात धायटी असते. कणकुंबी-आमगाव भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जागी मे महिन्यात दगड तापून पाय ठेववत नाही. दोन्ही सोसते. एका गोष्टीला मात्र ती वचकून असते, मुळाशी साचलेलं पाणी. उतारावर पाणी वाहून जातं, म्हणून ती उतारावर खूष असते.

शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, मेंदीच्या कुळातली. फांद्या लांब, कमानीसारख्या वाकून जमिनीकडं येतात, म्हणून झुडूप उंचीपेक्षा रुंद दिसतं. फुलं फांदीभर पानांच्या बगलेत झुपक्यानं येतात. संक्रांतीच्या सुमाराला सुरू होतात, शिमग्याला भर असतो, पाडव्यानंतर ओसरतात. लाल दिसतो तो पाकळ्यांचा रंग नव्हे, ती बाहेरची नळी असते, पुष्पकोशाची. पाकळ्या आत अगदी बारीक. नळी गळत नाही, फळ धरेपर्यंत फांदीवरच राहते, म्हणून फुलोरा इतके दिवस टिकल्यासारखा वाटतो. नळीत मध असतो, त्यामुळे सूर्यपक्षी दिवसभर झुडूप सोडत नाहीत.

लावण्याचं सविस्तर लिहितो रात्री. आत्ता उसाच्या पाळीला चाललोय.

चंदगडी_माणूस

गडगा काका, मान ठेवून सांगतो, कमरेएवढं म्हणून धायटी सुचवणं पटलं नाही. आमच्याकडं ओढ्याच्या काठाला धायटी दहा फुटांच्या वर गेलीय. पार जाळी झालीय. घरामागं असलं काही उभं राहिलं तर त्यांच्या आईचंच खरं होईल.

निपाणीची_काळी_माती

आमच्या काळ्या रानात धायटी लावलेली बघितली नाही कधी. आमच्याकडं कोरांटी. पिवळी, काटेवाली. बांधावर असते, शेळ्या शिरत नाहीत, पाणी नाही घातलं तरी दिवाळीला फुलते. ती का नको?

गडगा

चंदगडकर, तुमचं खरं आहे आणि माझंही. ओढ्याकाठी गाळाची खोल माती, वर बारमाही ओल. तिथं ती फोफावणारच. जांभ्यावर तीच धायटी छातीच्या वर सहसा जात नाही, कारण मुळाला खायला काही नसतं. म्हणजे उंची किती ठेवायची ते आपण खड्ड्यात काय भरतो त्यावर आहे.

बहुतेक जण इथंच घोटाळा करतात. पहारीनं जांभा फोडतात, दोन फूट खड्डा घेतात आणि मग शेणखत, गांडूळखत, काळी माती आणून काठोकाठ भरतात. झाड दोन पावसाळे नुसती पानं काढतं, उंच वाढतं, फुलं चार. शिवाय जांभ्यातला खड्डा म्हणजे घंगाळ असतो. चारी बाजूंनी दगड, तळाला दगड, जुलैत भरला की पाणी जायला वाट नाही. मुळं कुजतात आणि माणूस म्हणतो रानातलं झाड घरी जगत नाही.

तर असं करा. खड्डा दीड फुटापेक्षा खोल नको, रुंद घ्या. उताराच्या खालच्या अंगाला पहारीनं एक खाच पाडा, तळापर्यंत, म्हणजे पाणी तिथून निघून जाईल. फोडलेल्या जांभ्याचाच बारीक चुरा आणि वरची लाल माती परत भरा. अगदीच राहवत नसेल तर कुजलेला पाला दोन ओंजळी. रासायनिक खत अजिबात नको, युरिया तर नकोच. दोन झाडांत साडेचार-पाच फूट ठेवा आणि ओळी एकाआड एक घ्या. वरून येणारं पाणी मग सरळ धावत नाही, झाडाला अडून वळतं. माती धुपायची थांबते ती यानं.

लावायचं मृगात, दोन पाऊस पडून जमीन निवल्यावर. वळवाच्या पावसाला भुलून मेमध्ये लावू नका, मग पंधरा दिवस ऊन पडलं की रोप वाळतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी आणि बुडाशी पाल्याचं आच्छादन. दुसऱ्या उन्हाळ्यापासून पाइप गुंडाळून ठेवा.

अक्का_शहापूर

बाई गं. एवढं ऐकल्यावर मलाच लावावीशी वाटायलीय. गच्चीवर कुंडीत होईल?

गडगा

कुंडीत जगेल, फुलेल असं सांगत नाही. तिची मुळं लांब जातात. तुमच्या गच्चीवर अबोली, कोरांटी हे जास्त बरं.

वैद्यबाई

धायटी म्हणजे आमची धातकी. आयुर्वेदात आसवं आणि अरिष्टं, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधं, करताना हिची वाळलेली फुलं घालतात. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट या दोन्हींत आहेत. काढा आणि गूळ असलेल्या भांड्यात ही फुलं पडली की आंबण्याची क्रिया नीट चालते. फुलातल्या मधाबरोबर नैसर्गिक यीस्ट येतं आणि फुलात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यही भरपूर असतं. ही फुलं कापड रंगवायलाही वापरायचे.

हे वाचून कुणी घरी बरणीत अरिष्ट घालायला बसू नका. आंबवण्यात काय बिघडलं ते डोळ्यांना दिसत नाही. फुलं बघायला ठेवा, सूर्यपक्ष्यांना ठेवा.

औषधी वनस्पतींत रस असणाऱ्यांसाठी, बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, पश्चिम घाटातल्या वनस्पतींवर तिथं काम चालतं.

निपाणीची_काळी_माती

माझ्या कोरांटीचं कुणी बोलेना.

गडगा

बोलतो की हो, रागावू नका. जिल्हा एकच असला तरी पश्चिमेला एक जग आणि पूर्वेला दुसरं. बेळगाव शहरात १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस, अथणीकडं जेमतेम ५००-६००. इकडं जांभा आणि लाल माती, तिकडं भेगा पडणारी काळी. निपाणी, चिकोडी, गोकाक, सौंदत्ती या पट्ट्यात कुणी विचारलं असतं तर मीच कोरांटी सांगितली असती. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल होऊन पाणी धरून राहतं, ते धायटीला मानवणार नाही. कोरांटी बांधावर लावली की प्रश्न मिटला.

निपाणीची_काळी_माती

हां, आता बरं वाटलं. मग माझ्याकडनं कोरांटीचं घ्या लिहून. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी तोडून बांधात खोचायची, बहुतेक लागतात. बी पण पडतं. बोंड पिकलं की फट्‌कन फुटतं, बी लांब उडतं. ओल लागली की बियांवरची लव चिकट होते आणि मातीला धरून बसते. त्यामुळं एकदा लावली की पोरं आजूबाजूला आपोआप उगवतात. ज्याला बाग आखीवरेखीव पाहिजे त्यानं नको लावायला. पानाच्या बगलेत तीन-चार काटे असतात, छाटणी करताना हातमोजे पाहिजेत. फुलून झाली की जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, नाहीतर बुडात नुसत्या काड्या राहतात. आमची आजी हिच्या पानाचा रस हिरड्यांना लावायची, वज्रदंती म्हणतात ती हीच.

उतारावरचा_बेळगुंदीकर

काका, छान समजलं. आता सापाचं बोला. आई समोर बसलीय, वाचून दाखवायलोय तिला.

चंदगडी_माणूस

साप झाडाला बघून येत नाही, उंदराला बघून येतो. पण बुडात पाला आणि अंधार असला की बसायला जागा मिळते हेही तितकंच खरं. काकूंचं अगदीच चुकीचं नाही.

गडगा

बरोबर. घराच्या भिंतीपासून आणि पायवाटेपासून सहा-सात फूट जागा मोकळी सोडा. वाटेकडच्या झाडांच्या खालच्या फांद्या काढा, म्हणजे बुडाखालची जमीन लांबून दिसेल. पहिल्या उन्हाळ्यातलं आच्छादन पाऊस लागायच्या आधी वाटेकडच्या झाडांचं ओढून टाका. उताराच्या वरच्या अंगाला दगड रचून ठेवले असतील तर ते आधी हलवा, साप धायटीपेक्षा त्या दगडांतच राहायची शक्यता जास्त. काकूंना म्हणावं, तुळशीकट्ट्याभोवती झेंडू, शेवंती राहू दे, धायटी पार मागं.

सावलीतली_खानापूरची

मला एक विचारायचंय. आमच्या परड्यात फणस आणि आंबा, खाली ऊन येत नाही. माती लालच. धायटी चालेल?

गडगा

नाही ताई. जगेल, पण फांद्या उन्हाकडं ताणत लांबट होतील आणि फुलं येणार नाहीत. तिला दिवसाचं पाच-सहा तास तरी कडक ऊन पाहिजे. तुमच्याकडं दशमुळी लावा. पश्चिम घाटाचीच आहे, झाडांच्या सावलीतच वाढते, गुडघा-मांडीएवढी. पावसाळा सरला की निळी-जांभळी फुलं येतात आणि जुनी होताना तांबूस होतात. रानात बघितली असणार तुम्ही, नाव माहीत नसेल.

सावलीतली_खानापूरची

बघितलीय की! गणपती होऊन गेल्यावर वगैरे दिसते. ती लावता येते हेच डोक्यात आलं नव्हतं.

उतारावरचा_बेळगुंदीकर

रोपांचं राहिलं. इथल्या नर्सरीत फोन केला. एकानं धायटी म्हटल्यावर "आहे, या" म्हणून सांगितलं. गेलो तर फूटभराची रोपं, पान मोठं, देठाचं. मला शंका आली म्हणून घेतली नाहीत.

गडगा

नाही घेतलीत ते उत्तम. तो बहुतेक धावडा असावा. नावं जवळची, दुकानदारही गोंधळतात. धावडा मोठा वृक्ष होतो, तुमचा उतार आणि घराचा पाया दोन्ही जातील. धायटीचं पान समोरासमोर, भाल्यासारखं निमुळतं, देठ जवळपास नाहीच, थेट फांदीला चिकटलेलं. पान उलटून बघा, खाली पांढरट-राखाडी लव आणि त्यावर काळे ठिपके. ते ठिपके दिसले की खात्री.

वनखात्याच्या रोपवाटिकेत जूनच्या सुमारास लोकांना सवलतीत रोपं देतात, पण तिथं जास्त करून साग, हेब्बेवू (लाकडासाठी लावतात तो मलबार कडुनिंब), फळझाडं. धायटी असेलच असं नाही, विचारून जा. आणि एक गोष्ट कृपा करून करू नका, रानातनं उपटून आणणं. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथनं पानसुद्धा आणता येत नाही. राखीव जंगलालाही कायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी उपटलेली धायटी जगत नाही. तिचं सोटमूळ दगडाच्या फटीत खोल गेलेलं असतं, ते तुटतंच.

चंदगडी_माणूस

मग बी. पण ते लई बारीक असतंय.

गडगा

तंबाखूच्या बियासारखं म्हणा. निपाणीकरांना लगेच कळेल.

निपाणीची_काळी_माती

कळलं. मग पेरायचं नाहीच, शिंपडायचं. तंबाखूचा तरवा टाकतात तसं. बारीक वाळूत मिसळून टाकलं की एका जागी गठ्ठा पडत नाही.

गडगा

अगदी तसंच. एप्रिल-मेमध्ये लाल नळ्या वाळून तपकिरी होतात, आत इवलंसं बोंड असतं. कागदावर हातानं चुरगाळा, फुंकर मारू नका, सगळं बी उडून जाईल. पसरट ट्रे घ्या, तळाला भोकं पाहिजेत. चाळलेली लाल माती, नदीची वाळू आणि पानांचं कुजलेलं खत समान. मिश्रण आधी ओलं करून घ्या, वर बी शिंपडा आणि वरून माती अजिबात टाकू नका. बी उजेडातच रुजतं. झारीनं पाणी घातलंत तर सगळं वाहून एका कोपऱ्यात जाईल, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, ओल खालून चढते. वर काच किंवा प्लास्टिक, रोज थोडा वेळ उघडायचं, नाहीतर बुरशी येऊन कोंब माना टाकतात. सावलीत ठेवा, पण उजेड असू दे.

चार-सहा पानं झाली की एकेक रोप पिशवीत हलवा. त्या वर्षी जमिनीत लावायचं नाही. पिशवीतच वर्ष काढू द्या, पुढच्या मृगाला लावा. ज्यांना घाई आहे त्यांनी दाब कलम करावं. कुणाच्या बांधावर झुडूप असेल तर खालची वाकलेली फांदी पावसाळ्याच्या तोंडाला थोडी सोलून मातीत दाबायची, वर दगड. पाऊस संपेपर्यंत मुळं धरते. छाटकलमही करतात, मुळं फुटायची पावडर लावून, पण निम्मी तरी वाया जातात.

अक्का_शहापूर

छाटायची कधी ते सांगितलंच नाही.

गडगा

फुलं ओसरल्यावर, पाऊस लागायच्या आधी. म्हणजे मेमध्ये. पावसात नवे फुटवे येतात आणि त्यांच्यावरच पुढच्या संक्रांतीला फुलं. दिवाळीत साफसफाई म्हणून छाटलीत तर त्या वर्षीच्या फुलांना मुकलात. कात्रीनं वरून सपाट कापून तिचा चौकोनी हेज करू नका. वाकलेल्या फांद्या हीच तिची शोभा आहे. जुन्या जाड फांद्या बुडातून काढा, दरवर्षी दोन-तीन. झाड म्हातारं झालं तर सगळंच जमिनीलगत कापा, परत फुटतं. रानात वणवा लागून गेला तरी फुटते ती.

उतारावरचा_बेळगुंदीकर

आई म्हणायलीय, मागं लावत असशील तर लाव. पण पहिल्या वर्षी उतार तसाच उघडा राहणार की. रोपं तयार होईपर्यंत माती जायची ती जाणारच.

गडगा

वेडेलिया एकदम काढू नका. धायटीच्या जागा तेवढ्या मोकळ्या करा, बाकीचा राहू द्या, तो माती धरून ठेवतो. मात्र खालच्या बाजूला ओढा असेल तर तिकडं पसरू देऊ नका, तुकडा पडला तिथं मूळ धरतो. धायटीनं सावली धरली की वर्षावर्षाला मागं सारत जा. आडवे दोन गडगे घातलेत तर आणखी बरं, जांभ्याचे तुटके चिरे असतीलच बांधकामातले. चुना-सिमेंट नको, नुसते रचा, पाणी झिरपू दे. आणि भिंतीपासून लांब, साप लक्षात आहे ना.

चंदगडी_माणूस

शेळ्यांचं? आमच्याकडं मोकळ्या सोडतात.

गडगा

नवीन रोपाला शेळी तोंड लावल्याशिवाय राहत नाही, कुठलंही असो. पहिले दोन पावसाळे काट्यांची वई घाला. निपाणीकरांची कोरांटी कडेनं लावली तर वईचं कामही होईल आणि दिवाळीला पिवळा रंग मिळेल. लाल उतारावर पण कोरांटी येते, ती फारशी नखरेल नाही.

निपाणीची_काळी_माती

बेळगुंदीकर, कोरांटीच्या काड्या माझ्याकडनं न्या, पाहिजे तेवढ्या. जूनमध्ये एपीएमसीला येणं होतंच, सोबत आणतो. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, दोन दिवस राहतात.

उतारावरचा_बेळगुंदीकर

आणा की, उपकार होतील. गडगा काका, धायटीचं बी तुमच्याकडं?

गडगा

आमच्या बांधाला चार-पाच झुडपं आहेत. पाडव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी फोन करून या, नळ्या तपकिरी झाल्यात का बघून सांगतो. सकाळी लवकर या, वारं सुटायच्या आत. आणि कागदी पिशवी आणा, प्लास्टिकच्या पिशवीत बी घाम धरतं.

सावलीतली_खानापूरची

काका, दशमुळीचं पण आहे काय तुमच्याकडं काही?

गडगा

बी नाही ठेवलेलं. पण माझ्या आंब्याखाली आहे ती. पावसाळ्यात काडी लावली तर येते. जुलैत या, छत्री घेऊन.